मदत हवी आहे: पहाटे फुल फेस हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, समोरचं काही दिसत नाही

द्राक्षवेल_४२२
नमस्कार. पंचवटीतून पिंपळगाव बसवंतला पॅकहाऊसला जातो, बाईकवर. सीझन सुरू आहे, अंधारातच निघावं लागतं. आडगाव सुटलं की काच धुरकटते आणि थेट ओझरपर्यंत पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसतात, ट्रक दिसत नाही. काच वर केली तर गार वाऱ्याने डोळ्यांतून पाणी. हेल्मेट नवं आहे, आयएसआय आहे. वाफ न धरणारा स्प्रे आणला, तो जेमतेम टिकला. उद्या परत जायचंय, लवकर सांगा. आणि "हळू चालवा" नका सांगू, हळूच चालवतो.

सातपूर_फर्स्ट_शिफ्ट
भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आतून चोळा, वाळू द्या, मऊ कापडाने पुसा. आमच्या कंपनीतली निम्मी पोरं हेच करतात.

घाटवेडा
@सातपूर_फर्स्ट_शिफ्ट, साध्या काचेला चालेल. आतून कोटिंग असेल तर चोळून चोळून तेच निघून जातं, मग समोरून लाईट आला की काचभर पसरतो.
@द्राक्षवेल_४२२, मॉडेल कोणतं? काचेच्या आतल्या बाजूला दोन्ही टोकांना बारीक खुंट्या आहेत का? हनुवटीवरची हवेची खिडकी उघडी असते की बंद?

द्राक्षवेल_४२२
मॉडेलचं काय घेऊन बसलात? काळं आहे, काच पांढरी. खिडकी बंदच असते, इकडे थंडी किती आहे माहितीये ना? निफाड तालुका आहे हा.

तात्या_नाशिकरोड
फुल फेसचा हट्टच कशाला? मी वर्षानुवर्षं हाफ फेस वापरतो. वाफ नाही, घाम नाही, मागचा हॉर्न नीट ऐकू येतो. बदलून टाका.

मेघना_ता
तात्या, हा सल्ला हायवेवरच्या माणसाला देऊ नका, कळकळीने सांगते. मी दातांच्या आणि जबड्याच्या विभागात काम करते. हनुवटीवर आपटलेल्यांचे वरचे-खालचे दात तारेने बांधून ठेवावे लागतात, आठवडेच्या आठवडे पातळ खाण्यावर राहतात माणसं. हाफ फेसने कवटी झाकते, जबडा उघडाच राहतो. द्राक्षवेल, तुमचं हेल्मेट योग्यच आहे, ते सोडू नका.

तात्या_नाशिकरोड
मी माझा अनुभव सांगितला ताई. माझी धाव नाशिकरोड ते द्वारका, हायवेचं मला माहीत नाही.

कायदा_आणि_मी
हेल्मेट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ड खाली १,००० रुपये दंड आणि ३ महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. आयएसआयचा शिक्का खरा की खोटा तेही बघा. दुचाकीच्या हेल्मेटला १ जून २०२१ पासून ही खूण सक्तीची आहे. मानक आयएस ४१५१. शिक्क्यावरचा लायसन्स नंबर बीआयएसच्या (हा शिक्का देणारी सरकारी संस्था) बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं.

द्राक्षवेल_४२२
दंडाचं कोणी विचारलं? मी हेल्मेट घालतो, म्हणून तर प्रश्न आहे!

घाटवेडा
बरं, दोन गोष्टी सांगा. चष्मा आहे का? आणि थंडीचं नाकातोंडाला काही गुंडाळता का?

द्राक्षवेल_४२२
चष्मा आहे. मफलर तर लागणारच, नाकावरून घेतो. त्याचा काचेशी काय संबंध?

घाटवेडा
सगळा संबंध तिथेच आहे. श्वास गरम आणि दमट, काच बाहेरच्या वाऱ्याने गार पडलेली. दमट हवा गार काचेला लागली की तिथे पाणी धरतं. त्यात मफलर नाकावर असला की श्वासाला खाली वाट उरत नाही, तो नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर चढतो. आधी चष्मा जातो, मग काच. बघा, चष्माच आधी जातो ना?

आता हे करा. मफलर नाकाखाली, गळ्याभोवती. हेल्मेटमध्ये नाकावर बसणारा रबरी पडदा आला असेल तर लावा, तो श्वास खाली ढकलतो. हनुवटीची खिडकी उघडा, थंडी थोडी लागू दे. हनुवटीखालचा कापडी पडदा काढा. सिग्नलला थांबलात की काच एक खाच वर, गाडी हलली की बंद.

द्राक्षवेल_४२२
हो, चष्माच आधी जातो. आणि खुंट्या आहेत, आत्ता टॉर्च मारून पाहिल्या. डावीकडे एक, उजवीकडे एक, शेंगदाण्याच्या टरफलाएवढ्यासुद्धा नाहीत. काय उपयोग त्यांचा?

घाटवेडा
मग पिनलॉक बसेल. आतून बसणारी दुसरी पातळ काच. तिच्या कडेने सिलिकॉनची कड असते, दोन काचांमध्ये हवा अडकते, म्हणून आतली काच गार पडत नाही. बसवल्यावर ती कड सगळीकडून टेकली आहे ना ते बघा. दोन काचांमध्येच दव दिसलं तर खुंटी थोडी फिरवायची, ताण वाढतो. पण चष्म्याची वाफ पिनलॉकने जाणार नाही, तिथे मफलरचंच बघावं लागेल. धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण, काच पुसायचे स्प्रे नकोत. आणि काळी काच पहाटे अजिबात नको.

सातपूर_फर्स्ट_शिफ्ट
पिनलॉकला पैसे पडतात राव. लिक्विडचा थेंब फुकट आहे.

घाटवेडा
उद्यापुरता थेंब लावू दे की, मी कुठे नाही म्हणतो. पण साबणाचा थर ओला झाला की पाघळतो आणि डोळ्यात गेला की चालत्या गाडीवर डोळा चोळता येत नाही.

गोदाकाठची_रेवा
धाग्यातच विचारते, हेल्मेटला कुबट वास येतोय. धुवायचं कसं? उन्हात ठेवू का?

मेघना_ता
गालाच्या गाद्या बटणांच्या असतात, ओढून निघतात. कोमट पाण्यात बेबी शाम्पू, हलके दाबून धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. आतला थर्माकोल उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका. धक्का तोच खातो, आणि एकदा दबला की परत फुगत नाही. म्हणून जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं. कवचाला पेट्रोल-थिनर लावू नका, प्लास्टिक कमकुवत होतं.

द्राक्षवेल_४२२
पिनलॉक कुठे मिळेल? शिंगाडा तलावाजवळ?

घाटवेडा
विचारून बघा, पण कोणतंही पिनलॉक कोणत्याही काचेला बसतं असं नाही. काचेच्या कडेला कोड असेल तर त्याचा फोटो न्या, नसेल तर हेल्मेटच घेऊन जा. म्हणूनच मॉडेल विचारत होतो.

द्राक्षवेल_४२२
कोड आहे, फोटो काढला. उद्या मफलर गळ्यात आणि खिडकी उघडी ठेवून जातो, दुपारी येऊन लिहितो.

तात्या_नाशिकरोड
कानटोपी घाला आतून.

घाटवेडा
जाड कानटोपी नको तात्या, हेल्मेट सैल बसतं. पातळ बॅलाक्लाव्हा, म्हणजे डोकं-मान झाकणारी कापडी टोपी, चालेल, नाक उघडं ठेवून.