बाळ साडेचार महिन्यांचं आहे, पळणं आणि ओरिएंटियरिंग परत कसं सुरू करू? (कोल्हापूर)

सकाळची_फेरी
नमस्कार मंडळी. आम्ही राजारामपुरीत राहतो. लेक साडेचार महिन्यांची आहे, सिझर झालं होतं. त्याआधी मी हाफ मॅरेथॉन पळायचे, पण खरं वेड ओरिएंटियरिंगचं. नवऱ्याच्या नोकरीपायी दोन वर्षं स्वीडनला होतो, तिथं दोघांनाही लागलं. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: हातात नकाशा आणि होकायंत्र, जंगलात ठिकठिकाणी नारिंगी-पांढरे झेंडे. नकाशावर जांभळ्या वर्तुळांनी दाखवलेल्या क्रमानं ते गाठायचे. कुठल्या वाटेनं जायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

आता अडचण. सासूबाई म्हणतात वर्षभर पळायचं नाव काढू नको. आई म्हणते सव्वा महिना झाला की बाई मोकळी. नवरा रविवारी पंधरा किलोमीटर पळून, वर मिसळ खाऊन दहा वाजता उगवतो. मी बाहेर पडले की विसाव्या मिनिटाला फोन, "रडतीय". सुरुवात कशी आणि कुठं करू? आणि कोल्हापुरात ओरिएंटियरिंगचा सराव जमेल का? मिळून मिळून चाळीस मिनिटं मिळतात.

कठड्यावरचा
आधी भावजींची मिसळ बंद करा वहिनी. बाकी आपोआप जमतंय.

हाडवैदीण
मी फिजिओ आहे. तुम्हाला न तपासता लिहितेय, हे धरून वाचा.

सासूबाई आणि आई, दोघींचाही आकडा सोडून द्या. बाळंतपणानंतर पळण्याबद्दल २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओंनी सूचना काढल्या, आम्ही बहुतेक जणी त्याच धरून चालतो. बारा आठवड्यांच्या आत पळायचं नाही आणि बारा झाले म्हणून लगेच सुटायचंही नाही. आधी स्वतःला तपासायचं: अर्धा तास भरभर चालून काही त्रास होत नाही ना, एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का, एका पायावर दहा उठाबशा, जागच्या जागी मिनिटभर पळणं, एका पायावर दहा उड्या. हे करताना लघवीचा थेंब जरी गळला, खाली जड ओढल्यासारखं वाटलं किंवा टाक्यांपाशी दुखलं, तर थांबायचं आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यायचे. आपल्याकडं बायका हे गळणं "आता असंच असतं" म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात, आणि कुणी विचारलं तर हसून विषय बदलतात. असंच नसतं. इलाज आहे.

सिझरची वरची खूण भरली तरी आतला पडदा पूर्वीसारखा मजबूत व्हायला सहा-सात महिनेही लागतात. तेव्हा एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं. निघण्याआधी पाजून घ्या, छाती हलकी राहते आणि तो विसाव्या मिनिटाचा फोनही येत नाही. मध्यम व्यायामानं दूध आटत नाही, हे सासूबाईंना माझ्या नावानं सांगा. बूट नवीन लागतील, गरोदरपणात बऱ्याच जणींचं पाऊल वाढतं. आणि ज्या रात्री तीनदा उठलात त्या सकाळी वेगाची हौस नको, चालून या.

सकाळची_फेरी
ताई, मनापासून आभार. पाऊल खरंच अर्ध्या नंबरानं वाढलंय, मला वाटलं सूज आहे. तिला घेऊन पळता येईल का? प्रॅम आहे, पोटाशी बांधायची झोळीही आहे.

हाडवैदीण
झोळीत घेऊन पळायचं अजिबात नाही, चाला. साध्या प्रॅमलाही पळवू नका. पळण्यासाठीची तीन मोठ्या चाकांची वेगळी येते, पण तीही निदान सहा महिन्यांनंतर, मान पक्की धरली की डॉक्टरांना विचारून. आपल्या रस्त्यांवर तर मी अजून थांबेन.

बोळबहाद्दर
नकाशाचं मी सांगतो, इथं ह्या विषयावर बोलायला माणूस मिळत नाही.

राजारामपुरीत सराव करू नका. नंबराच्या गल्ल्या, सरळ रेषेत, काटकोनात. आठवीनंतर नववी येणार हे शेंबड्या पोरालाही कळतंय, तिथं नकाशा कशाला? शिवाजी पेठ, मंगळवार पेठ धरा. बोळातून बोळ फुटतो, एखादा तालमीच्या मागं निघतो, एखादा कुणाच्या तरी परड्यात जाऊन संपतो. कुठून जावं हा प्रश्न तिथं दर पन्नास पावलांवर पडतो. शहरातल्या स्प्रिंटचा, म्हणजे गल्लीबोळातल्या छोट्या वेगवान शर्यतीचा, नकाशा १:४००० असतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ४० मीटर. ए-फोर कागदावर सगळी शिवाजी पेठ बसवायला जाऊ नका, एक कोपरा पुरे.

आता मुद्द्याचं. असा नकाशा तयार मिळणार नाही, काढावा लागेल, आणि ते काम चालत करायचं असतं. थांबत, कागदावर खुणा करत. म्हणजे बाळ झोळीत असलं तरी चालतंय! ओपनस्ट्रीटमॅप ह्या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावरून आराखडा घ्या, ओपनओरिएंटियरिंग मॅपर हे नकाशा काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात बसवा. निम्मे बोळ त्यावर नसतील, ते तुम्ही टाका. दिवसाला पंधरा मिनिटं केलं तरी महिन्यात एक कोपरा होतोय. मग मॅपरन नावाचं अ‍ॅप आहे, ठिकाणाजवळ पोचलं की फोन वाजतो, झेंडे लावायची भानगड नाही. फक्त अरुंद बोळात जीपीएस उड्या मारतं, म्हणून ठिकाणं चौकात किंवा उघड्यावर ठेवा.

तालमीतला_म्हातारा
पोरी, पहाटे गंगावेशीत दूधकट्ट्यावर जा. समोर पिळलेलं म्हशीचं दूध घे. होकायंत्र नंतर.

हाडवैदीण
काका, उकळून.

तालमीतला_म्हातारा
उकळलं की मजा जाती.

मिसळवाला_नवरा
मीच तो. धागा बायकोनं स्वतःच पाठवला.

बाजू मांडत नाही, एक आठवण सांगतो. तिकडच्या स्पर्धांत लहान मूल असलेल्या जोडप्याला सुरुवातीच्या दोन वेगळ्या वेळा मागून घेता यायच्या. एकानं धावून यायचं, शेवटच्या रेषेपाशी बाळ हातात घ्यायचं, दुसऱ्यानं निघायचं. त्याहून मोठ्या पोरांसाठी झाडांमधून दोरा बांधलेला असायचा, तो धरून चित्रं शोधत जायचं. आम्ही दोघं तेव्हा लांबून बघून "किती गोड" म्हणायचो आणि जेवायला निघून जायचो.

तर ठरलं. रविवारी रंकाळ्यावर, संध्यामठाच्या बाजूला. आधी ती, नंतर मी. मिसळ दोघांचं झाल्यावर.

कठड्यावरचा
नाद खुळा भावा. पण पहिली ती, हे लेखी घेतलंय बघा वहिनी.

जुळ्यांचा_बाप
अदलाबदलीत एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. बाळाजवळ थांबणाऱ्यानं फोन करायचा नाही. रडली तर रडली, तो पण बापच आहे. आमच्याकडं ह्या एका नियमानं जास्त फरक पडला, बुटांनी पडला नाही तेवढा. विद्यापीठाचा परिसर आणि राजाराम तलावाची बाजूही बघा, झाडी आहे, चढउतार आहे. आत जायच्या वेळा मात्र गेटवर विचारून घ्या.

बोळबहाद्दर
पुढं कधी पन्हाळा करा. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी, ठिकाणं आयतीच आहेत. पण संरक्षित वास्तू आहेत, कुठं काही चिकटवू नका, खडूची रेघसुद्धा नको. त्यापेक्षा प्रश्न ठेवायचे, "ह्या कमानीला बाजूला किती कोनाडे?" उत्तर लिहून आणलं की तुम्ही पोचलात. मसाई पठार दिसायला सोपं वाटतं, पण नुसता सपाट सडा. धुकं उतरलं की ओळखीची खूणच उरत नाही. पावसाळ्यात तिकडं बाळबाळंतिणीनं जाऊ नये, आणि खरं तर कुणीच.

सकाळची_फेरी
तीन आठवड्यांनी लिहितेय.

ताईंच्या चाचण्या दिल्या. एका पायावरच्या उड्यांत अडकले, त्यामुळं दोन आठवडे नुसतं चालणं आणि व्यायाम. गेल्या रविवारी पहिल्यांदा एक मिनिट पळाले. एक मिनिट! रंकाळ्याच्या काठावर एवढं हसू कधी आलं नव्हतं.

चालण्याच्या नादात शिवाजी पेठेचा एक कोपरा कागदावर उतरवला, लेक झोळीत झोपलेली. नकाशावर आरपार दाखवलेले दोन बोळ प्रत्यक्षात बंद निघाले, एकाच्या टोकाला तर कुणाचं तरी न्हाणीघर. हातात कागद बघून एक आज्जी दारातच उभ्या राहिल्या, "घरफाळ्याची मोजणी हाय काय गं?" म्हटलं नाही, पळायचा खेळ आहे. त्यांनी झोळीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हिला घिऊन?" आणि लेकीच्या कानावरचं टोपडं सारखं करून दिलं.

काल नवऱ्यानं त्याच नकाशावर आठ ठिकाणं मांडली. मी निघाले तर सासूबाई चपला घालून दारात. "मी बसतो हिला घेऊन चौकात, तू ये जाऊन." सात ठिकाणं मिळाली. आठवं त्यानं एक बोळ चुकवून टाकलं होतं, हे इथं मुद्दाम लिहितेय.

मिसळवाला_नवरा
बोळ बरोबर होता. नकाशा कुणी काढलाय ते विचारा.