आमच्या फौजी गुरुजींच्या फलकावर काय लिहावं? पदकांबद्दल माहिती हवी आहे

वसनाकाठ

नमस्कार. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी गेल्या महिन्यात गेले. वय ७९. सैन्यातून सुटून आल्यावर डी.एड. केलं, शिक्षक झाले आणि २००४ ला आमच्याच शाळेतून निवृत्त झाले. १९९१-९२ ला मी त्यांच्या हाताखाली चौथीत होतो. गाव त्यांना 'फौजी गुरुजी'च म्हणायचं.

१६ डिसेंबरला शाळेच्या व्हरांड्यात त्यांच्या नावाचा फलक बसवायचं माजी विद्यार्थ्यांनी ठरवलंय. मजकूर माझ्याकडे आलाय. पण गुरुजी लढाईवर कधी बोललेच नाहीत. कोणी म्हणतं पासष्टला लाहोरकडे होते, कोणी म्हणतं बांगलादेशात. एका वर्गमित्राने तर 'वीरचक्र विजेते' असं लिहून पाठवलंय. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय सांगत होते व्हय? डिसेंबर आला की रात्रीचे उठून अंगणात बसायचे, एवढं बघितलंय." आणि त्यांनी पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे सरकवली.

आत रुमालात बांधलेली चार पदकं. एक चांदणी आहे, तिच्यावर 'पूर्वी स्टार' वाचता येतं. बाकीची तीन गोल: संग्राम मेडल, रक्षा मेडल आणि एक स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. रिबिनी पार विटल्यात. यावरून ते नेमके कुठे होते हे कळेल का?

मला खरं तेवढंच लिहायचंय, त्याचं कारण सांगतो. स्कॉलरशिपच्या सराव पेपरात मी एका धरणाची उंची मनानेच लिहिली होती. गुरुजींनी लाल पेन्सिलीने गोल केला, मला टेबलाजवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ठोकून दिलंस ना? येत नसेल तर जागा कोरी सोडायची. कोऱ्या जागेनं कुणाचं वाईट होत नाही." मारलं नाही, पण तो गोल अजून डोळ्यांसमोर आहे.

आणखी एक आठवण. कबड्डीचं मैदान आखायची फक्की घेऊन ते पटांगणात भारताचा नकाशा काढायचे आणि एकेका नदीवर एकेक पोरगं उभं करायचे. माझ्या वाट्याला ब्रह्मपुत्रा आली होती. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हिच्यात उतरताना आधी पाय टेकवायचा, मग भार द्यायचा. तळाचा भरवसा नाही." मग बराच वेळ तिथेच, फक्कीच्या रेघेवर, खाली बघत उभे राहिले. हातातल्या डब्यातून फक्की सांडत होती. आम्हाला वाटलं, हा भूगोलच.

सुभेदार_बेळगाव

राम राम. गुरुजींना माझा सलाम. तुमच्या चार पदकांतून पुष्कळ कळतं.

वीरचक्र नाही. त्याची रिबिन अर्धी गडद निळी, अर्धी केशरी असते आणि ते जाहीर झालं की राजपत्रात छापून येतं. तुमच्या मित्राला सांगा, पूर्वी स्टार काही कमी नाही. एकाहत्तरला पूर्वेच्या आघाडीवर प्रत्यक्ष उतरलेल्यांना ती चांदणी मिळाली. पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. संग्राम मेडल त्या काळात कामावर असलेल्या पुष्कळ जणांना मिळालं, आणि पंचविसाव्या वर्षाचं १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असणाऱ्यांना. रक्षा मेडल पासष्टचं, म्हणजे तेव्हा ते भरती झालेले होते. पण पासष्टला आघाडीवर लढलेल्यांना समर सेवा स्टार मिळाला, तो तुमच्या रुमालात नाही. लाहोरचं कच्चं धरा. पदक हरवलेलंही असू शकतं, म्हणून डिस्चार्ज बुक शोधा. त्यात पलटण, भरतीची तारीख, पदकं सगळं असतं. नाहीच सापडलं तर काकूंच्या अर्जाने साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे जाता येईल. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस इथे बेळगावलाच आहे. चांदणीची मागची बाजू आणि गोल पदकांच्या कडा भिंगातून बघा, नंबर कोरलेला असतो.

ब्रह्मपुत्रेचं वाचून मात्र मी थांबलो. आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, डिसेंबर १९७१ मध्ये ती नदी ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या मागे गेली आणि दक्षिणेचा रस्ता अडवून बसली. आत पाकिस्तानची ३१ बलुच पलटण. आमच्या ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर क्लेर यांनी ९ तारखेला शरण येण्याचं पत्र पाठवलं, तर तिकडून उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून आली. १० च्या रात्री बलुच फोडून निघाले ते थेट आमच्या मोर्चांवर आले. ११ ला जमालपूर पडलं, १२ ला पलटण टांगाईलकडे छत्रीने उतरलेल्या आपल्याच २ पॅरा बटालियनला जाऊन मिळाली. गुरुजी त्यातच होते असं मी म्हणत नाही. बुक बघितल्याशिवाय लिहू नका.

फाट्यावरची

मी १९८६ ची, याच शाळेची. आता पुण्यात नर्स आहे. गुरुजी गेल्याचं मला इथे वाचून कळतंय.

चौथीनंतर आम्ही सहा मुली एस.टी.ने तालुक्याच्या शाळेत जायचो. सकाळी सव्वासहाला अंधारच असायचा. गुरुजी घोंगडं पांघरून, बॅटरी घेऊन फाट्यापर्यंत आमच्यासोबत यायचे आणि गाडीत चढताना मोजायचे, हिंदीतून: एक, दो, तीन. संध्याकाळी गाडी आली की परत मोजणी. आमच्या कुणाच्याच घरच्यांनी त्यांना हे करायला सांगितलं नव्हतं. एकदा पाचच उतरलो. एकीची गाडी चुकली होती. गुरुजी काही बोलले नाहीत, सायकल फिरवली आणि निघाले. रात्री नऊला तिला पुढच्या दांडीवर बसवून आणलं, तिच्या अंगावर त्यांचं घोंगडं होतं. तिच्या आईने चहा विचारला तर म्हणाले, "आधी सहाच्या सहा घरात आहेत का बघून येतो." आणि खरंच आमच्या प्रत्येकीच्या दारात येऊन गेले.

सुभेदार_बेळगाव

ताई, रात्री नदी उतरून पलीकडे गेलं की पहिलं काम तेच. आम्ही त्याला गिनती म्हणतो.

वसनाकाठ

ट्रंकेच्या तळाला, जुन्या वर्तमानपत्राखाली डिस्चार्ज बुक सापडलं. भरती जानेवारी १९६४, बेळगाव. हुद्दा नाईक. पलटण: १ मराठा लाइट इन्फंट्री. चांदणीच्या मागे कोरलेला नंबर बुकातल्या नंबराशी जुळतो. काकूंना वाचून दाखवलं तर त्यांनी बोटाने ती ओळ दोनदा गिरवली. त्यांना वाचता येत नाही, पण "जमालपूर" हा शब्द ऐकल्यावर म्हणाल्या, "झोपेत हेच नाव यायचं. मला वाटायचं कुणा माणसाचं आहे."

मजकूर असा करतोय: नाव, 'नाईक, १ मराठा लाइट इन्फंट्री, पूर्वी स्टार', त्याखाली शाळेतली वर्षं. लाहोर नाही, वीरचक्र नाही. मित्राला फोन केला होता. तो आधी हिरमुसला, मग त्यालाच पेपरातला लाल गोल आठवला.

सुभेदारसाहेब, शक्य झालं तर या. ताई, १६ ला तुम्ही आणि बाकीच्या पाच जणींपैकी ज्या येतील त्या फाट्यावरच उतरा. मी सकाळपासून तिथे असेन.