ओनिगिरी: तांदूळ कुठला, मीठ किती, आत काय?

मुलांच्या शाळेची सहल जाहीर झाली की आमच्या टोकियोतल्या निशी-कासाईच्या मराठी आयांच्या ग्रुपवर एकच विषय चालतो. डब्यात ओनिगिरी, म्हणजे हाताने वळलेला जपानी भाताचा गोळा, द्यायची ठरलं, पण आत भरायचं काय? सामन आणि टूना झाले की डोकं चालेनासं होतं, आणि शाकाहारी घरांची गाडी तर उमेबोशीपाशीच (खारवलेलं आंबट जपानी फळ) अडते. म्हणून म्हटलं सगळ्यांनाच विचारावं, जपानातल्यांना, घरच्यांना आणि आणखी कुठे कुठे असाल त्यांनाही. तांदूळ कुठला घेता, सारण काय, डबा दुपारपर्यंत टिकतो का, पोरं खातात का, जे असेल ते लिहा. सुशी मात्र इथे नको. तिच्या भातात व्हिनेगर आणि साखर पडते. ओनिगिरीला फक्त मीठ.

माझी पद्धत आधी सांगते. कोशिहिकारी तांदूळ तीन-चार पाण्यांत धुऊन उन्हाळ्यात अर्धा तास, थंडीत तासभर भिजवायचा. राइस कुकर बंद झाल्यावर दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही, मग भातवाढीने तळापासून हलकेच मोकळा करायचा. हात ओले करायचे, तळव्यावर चिमूटभर मीठ घेऊन दोन्ही हातांना चोळायचं आणि हाताला सोसेल इतपत गरम भात घ्यायचा, साधारण शंभर ग्रॅम. मध्ये खळगा करून सारण, त्यावर थोडा भात. डावा तळवा खाली सपाट, उजवा वरून कोनात वाकवलेला. दाबायचं, एक कड पुढे फिरवायची, पुन्हा दाबायचं. चार-पाच वेळा झालं की हात काढून घ्यायचा. लाडवासारखी गच्च वळली तर संपलं. बाहेरून आकार धरायला हवा, पण दातांखाली शितं सुटी व्हायला हवीत.

सारणात आमच्याकडे खारवलेला सामन भाजून, काटे काढून, कुस्करून. शाकाहारी दिवशी मेतकूट आणि भाजलेले तीळ थेट भातातच मिसळते. लेकीच्या वर्गातल्या मैत्रिणी ती पिवळी ओनिगिरी मागून खातात.

*

पुणे

मी जपानी शिकवते. आमच्या वर्गाची परीक्षा संपली की ओनिगिरीचा बेत होतोच. जपानी तांदूळ इथेही मिळतो, पण पंचवीस जणांना पुरवायचा म्हणजे पाकीट रिकामं. इंद्रायणी घ्या, डोळे मिटून. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झालेला हा वाण, १९८७ पासून शेतात आहे. चिकटपणा अगदी हवा तेवढा. नवा तांदूळ असेल तर वाटीला सव्वा वाटी पाणी, जुना असेल तर दीड. एरवी आपण वरणभाताला घालतो तेवढं पाणी घातलंत तर मऊ भात होईल, मग तो तुपाशी खा.

नुसता आंबेमोहोरही वळता येतो, पण त्याचा सुवास इतका पुढे येतो की वरून गुंडाळायची नोरी, म्हणजे समुद्रशेवाळाचा पातळ कागद, बिचारी कुठल्या कुठे.

मुलांनी आणलेल्या सारणांपैकी लिंबाच्या गोड लोणच्याची बारीक चिरलेली फोड सगळ्यात छान लागली. शेंगदाण्याची चटणी कोरडी भरली तर चावताना भुरभुर खाली पडते. दोन थेंब तेलात कालवून घ्यायची. ठेचा नखभर. बटाट्याची भाजी कृपा करून भरू नका. भातात बटाटा, ना चव ना मजा.

*

नागपूर

घरात बासमती आणि कोलमच असतो. जास्त पाणी घालून चालेल का?

*

पुणे

नाही हो. पाण्याने भात मऊ होईल, चिकटणार नाही. सगळा खेळ स्टार्चमधल्या अमायलोजचा आहे. ते कमी तेवढी शितं एकमेकांना धरतात, आणि बासमतीत ते जपानी तांदळापेक्षा जास्त असतं. उलट टोकाला जाऊन मोचीचा (जपानी चिकट गोळ्यांचा) तांदूळ आणू नका, त्याचा गोळाच होईल.

*

कोबे

आमच्या घरात अंडंही नाही, तेव्हा शाकाहाऱ्यांसाठी लिहितो. कोंबिनीतली, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातली, कोंबुची ओनिगिरी दिसायला अगदी आपली. कोंबु समुद्रातली वनस्पतीच, पण ती ज्या रसात शिजवतात त्यात बहुतेकदा कात्सुओ, म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. उमेबोशीतही ‘कात्सुओ उमे’ हा वेगळा प्रकार आहे, तो शेजारच्याच डबीत बसलेला असतो. काहींत मध घातलेला असतो. इथे आल्यावर वाचायला शिकलेल्या पहिल्या अक्षरांत आमच्या हिने कात्सुओची अक्षरं घोकली होती.

घरी केलं की ही कटकट मिटते. वाकायामातल्या मिनाबेची उमेबोशी घ्या, जिच्या लेबलवर फळ, मीठ आणि शिसोची पानं एवढंच लिहिलंय ती. जुन्या पद्धतीच्या उमेबोशीत मीठ वीस टक्क्यांच्या आसपास जातं, त्यामुळे बी काढून अर्धीच पुरते आणि हाताला मीठ कमी लावावं लागतं. कोंबुही सोपी आहे. सूपसाठी भिजवलेली कोंबु टाकून देऊ नका. बारीक पट्ट्या कापा, शोयु (सोया सॉस), मिरीन (स्वयंपाकाची गोड तांदळाची वाइन), थोडी साखर आणि बुडेल इतकं पाणी घालून मंद आचेवर आटवा. पातेल्याच्या तळाशी रस चकाकायला लागला आणि पट्ट्यांना चिकटू लागला की तीळ पेरून उतरवा. फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहते.

एक गोष्ट कोबेची म्हणून सांगतो. १७ जानेवारी हा इथे ओमुसुबीचा, म्हणजे ओनिगिरीचाच, दिवस मानतात. १९९५ च्या भूकंपानंतर स्वयंसेवकांनी लोकांना भाताचे हे गोळे करून वाटले, त्याची आठवण. आमच्या इमारतीतल्या आजींना तेव्हा मिळालेल्या ओनिगिरीत सारण नव्हतंच. नुसतं मीठ. त्या आजही तशीच करतात, नोरीसुद्धा लावत नाहीत, आणि मी खाल्लेल्यांत ती पहिल्या नंबरची आहे. सारणाच्या धाग्यावर हे लिहितोय, माफ करा.

*

ओसाका

एकटा राहतो, स्वयंपाक कामापुरता. टूना-मेयो झिंदाबाद. सेव्हन-इलेव्हन या कोंबिनीवाल्यांनी १९८३ मध्ये ही ओनिगिरी आणली आणि आज जपानी माणसाला ती परकी वाटतही नाही. घरी करताना डब्यातला टूना इतका पिळायचा की हात दुखला पाहिजे, नाहीतर भात तेलकट होऊन फुटतो. मेयोनीज, दोन थेंब शोयु, भरपूर मिरपूड. मी वरून हिरवी मिरची घालतो.

नोरीबाबत इथे दोन पंथ आहेत. कोंबिनीत नोरी आणि भात यांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, एक-दोन-तीन असं ओढून काढलं की कुरकुरीत नोरी. घरच्या डब्यातली आधीच गुंडाळलेली असते, ती मऊ पडून भाताला चिकटते. मला मऊच आवडते. शिवाय इकडे कान्साईत शोयु-साखर लावलेली चविष्ट नोरी वापरतात, टोकियोवाल्यांना ते पटत नाही.

बाकी २०२५ च्या वसंतात पाच किलो तांदूळ ४,००० येनच्या पुढे गेला, आदल्या वर्षीच्या दुप्पट, तेव्हा आमच्या ओनिगिऱ्या आपोआप लहान झाल्या होत्या.

*

वेंगुर्ला

मुलगा नागोयाला असतो, सूनबाई तिथलीच. मे महिन्यात दोघं आली होती. तिला स्वयंपाकघरात काहीतरी करायचं होतं, म्हटलं कर बाई. पहिल्यांदा तिने उकड्या तांदळाचा भात हातात घेतला, तो सगळा बोटांमधून सांडला. मग शेजारच्यांकडून गावचा नवा सुरय आणला, तो बऱ्यापैकी धरला.

तिने मला विचारलं, “आई, खारवलेला मासा आहे?” आमच्याकडे खारवलेल्या बांगड्याला काय तोटा! विस्तवावर भाजला, कातडी करपून फुगली, मग सोलून काटा काढला. बांगड्याचा मधला काटा निघतो, पण पोटाकडचे बारीक काटे बोटांनी चाचपूनच काढावे लागतात, पोरांना देणार असाल तर विशेष. फार खारट असतो, म्हणून भाताला मीठ लावलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी सुकट भाजून, कांदा, ओलं खोबरं आणि तिखट घालून दिलं. ते तिने भातात मिसळूनच वळलं. यजमान नोरी सोलून बाजूला ठेवत होते, वास नको म्हणून. सुकटीचा चालतो!

*

नाशिक

फूड टेक्नॉलॉजी शिकवतो, त्यामुळे थोडं भाषण. भात शिजवला तरी बॅसिलस सेरियसचे बीजाणू मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढायला लागतात. दुसरा धोका हाताचा. बोटाला जखम असेल तर स्टॅफिलोकोकस भातात जातो आणि त्याने सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून क्लिंग फिल्ममध्ये ठेवून वळा. मीठ फिल्मवर भुरभुरवा, चव तीच येते.

गरम ओनिगिरी डब्यात कोंडू नका, वाफेचं पाणी सुटतं. आधी जाळीवर निवू द्या. आपल्या उन्हाळ्यात टूना-मेयो मुलांच्या डब्यात नकोच. उमेबोशी किंवा लोणचं त्यातल्या त्यात बरं, पण त्याने सगळा गोळा सुरक्षित होतो असं नाही. आंबटपणा आणि मीठ त्याच्या आजूबाजूपुरतंच काम करतं.

*

निशी-कासाई

सर, मग रात्री करून फ्रिजमध्ये ठेवली तर? सकाळी सहाला उठायचं जिवावर येतं हो.

*

नाशिक

सुरक्षित राहील, पण खडखडीत होईल. फ्रिजच्या तापमानाला भातातला स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो. त्यापेक्षा गरम असतानाच गुंडाळून, निवली की लगेच फ्रीझरमध्ये टाका. सकाळी मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण गरम करा, पुन्हा निववा आणि मग डब्यात. नोरी शेवटी.

*

निशी-कासाई

म्हणजे सहाला उठायचंच. जूनच्या पावसाळ्यात इथल्या आया डब्याला बर्फाची थैली बांधतात, तेवढी एक सोय.

*

सॅन होजे

त्रिकोण जमत नाही त्यांनी ओनिगिराझु करा. नोरीचं अख्खं पान तिरकं ठेवायचं, मधोमध भाताचा चौकोनी थर, त्यावर सारण, पुन्हा भात, आणि चारी कोपरे आत दुमडायचे. पाच मिनिटं फिल्ममध्ये दाबून ठेवा, मग ओल्या सुरीने मधोमध कापा. वळायचं काही नाही. पनीर भुर्जी, ऑम्लेट, शेपूची सुकी भाजी, सगळं मावतं. भाजीत पाण्याचा अंश नको, एवढंच. मुलाच्या वर्गात हवाईचा एकजण आहे, तो स्पॅमचा, म्हणजे डबाबंद मांसाचा, तळलेला तुकडा भातावर ठेवून नोरीच्या पट्टीने बांधलेला मुसुबी आणतो. दोघांची अदलाबदल ठरलेली.

*

ठाणे

उरलेल्या ओनिगिरीचं कुणी लिहिलंच नाही! याकी ओनिगिरी करा. सारण नसलेली, जरा घट्ट वळलेली हवी. बिडाच्या तव्याला तेलाचा हात, मध्यम आच, आणि खालची बाजू स्वतःहून सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. दोन्ही बाजूंनी कोरडी पापडी धरली की मगच ब्रशने शोयु लावायचा, आधी लावला तर चिकटतो आणि जळतो. शोयु तव्याला लागला की जो चर्र आवाज आणि वास येतो, त्याने शेजारी दार उघडून बघतात. मी तेलाऐवजी तूप वापरते. जपानी मंडळी वाचत असतील तर त्यांनी हे वाक्य गाळावं.

*

दादर

सगळं वाचून नोरी आणली, पाकीट उघडलं आणि जुलैच्या हवेने तासाभरात तिची चामडी झाली. आता काय?

*

ठाणे

गॅसच्या मंद आचेवरून वीतभर उंच धरून दोन-तीनदा फिरवा, हिरवट रंग दिसला की पुरे. उरलेली पानं घट्ट झाकणाच्या डब्यात, पाकिटातली सिलिकाची पुडी सोबत टाकून ठेवा. आणि तरीही मऊ राहिलीच तर ओसाकावाल्यांना द्या, त्यांना आवडते.