शब्दचर्चा : पेशीपटल गंजतं की खवटतं?

माहीमची भाषांतरकार : गिरगावातल्या जुन्या चाळींत रंगकाम करणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. एक वाक्य सध्या असं झालंय : 'शिशाच्या विषाक्ततेमुळे पेशीभित्तींना ऑक्सिडीकारक हानी पोहोचते.' रंगारी या कागदाला ब्रश पुसतील. काय करू?

दादरकर : 'विषाक्तता' हिंदीतून आलेली पाहुणी, तिला परत पाठवा. आपली विषबाधा काय वाईट आहे? आणि भित्ती नको. पेशीभित्तिका वनस्पतींना असते, माणसाच्या पेशीला पेशीपटल. शाळेच्या पुस्तकात हा फरक स्वच्छ आहे.

जुना रसायनवाला : विषबाधा म्हटलं की लग्नाच्या जेवणानंतरच्या उलट्या आठवतात. शिशाचं काम संथ. रक्तात महिनाभर, हाडांत मात्र वर्षानुवर्षं मुक्काम. 'शिसं अंगात साठणं' म्हणा ताई.

परळची : आणि ऑक्सिडीकरणाला 'गंजणं'? लोखंडाचा गंज सगळ्यांना माहीत असतो.

जुना रसायनवाला : तिथेच घोळ होईल. पेशीपटल म्हणजे मुख्यतः स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. त्यातल्या असंतृप्त मेदाम्लांना मुक्त मूलकं, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे आक्रमक कण, गाठतात आणि एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. शेंगदाण्याचं तेल खवट होतं तेव्हाही मुळात हेच घडतं. त्यामुळे 'खवटणं' ही नुसती उपमा नाही, क्रियाच ती आहे.

दादरकर : म्हणजे शिसं पटल खवटवतं?

जुना रसायनवाला : थेट नाही, म्हणून कर्ता सांभाळून लिहा. लोखंड किंवा तांबं स्वतः या क्रियेत उतरतं, शिसं तसं उतरत नाही. ते मूलकांना निकामी करणाऱ्या ग्लुटाथायोनच्या गंधकाला चिकटतं, म्हणजे पेशीचा रखवालदारच अडकतो. शिवाय हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग, तयार होण्याच्या वाटेवरचं एक विकर (एन्झाइम) ते बंद पाडतं. मग हीमचा कच्चा माल असलेलं अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल तुंबतं, आणि त्याचं ऑक्सिडीकरण होताना आणखी मूलकं सुटतात. रक्तातलं जवळपास सगळं शिसं तांबड्या पेशींत असतं, त्यामुळे पहिला मार त्यांना. पटल नाजूक होतं, पेशी वेळेआधी फुटतात. त्यात हीमही कमी बनतं, मग पंडुरोग ठरलेलाच.

परळची : पटलं. पण 'खवट' शब्द आमच्याकडे घरमालकासाठी राखीव आहे! बाकी, मुलांच्या शिसपेन्सिलीचं काय?

दादरकर : तिच्यात शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. नाव तेवढं चिकटलंय. चाळीतल्या भिंतींवरचे जुने थर मात्र खरंच शंकास्पद. घरगुती रंगांत दशलक्ष भागांत 90 भाग शिशाची मर्यादा आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरात लागू झाली. त्याआधीच्या तैलरंगाचा काय भरवसा?

माहीमची भाषांतरकार : मग असं : 'जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून घासा. धुळीतलं शिसं अंगात साठतं. त्यामुळे रक्तपेशींच्या पटलातला स्निग्धांश खवटतो आणि पेशी लवकर फुटतात.'

परळची : स्निग्धांश? रंगाऱ्याला? 'चरबी' लिहा.

माहीमची भाषांतरकार : चरबी म्हटलं की सुटलेलं पोट दिसतं. 'पटलातला तेलकट थर खवटतो' करते.

जुना रसायनवाला : चालेल. छापायला द्या.