पाडव्याच्या जेवणात तिकिल गोमेन

प्रेषक: मंजिरी (स्वयंपाक समिती)
विषय: रविवारचं पाडव्याचं जेवण आणि आपले उपासाचे पाहुणे

नमस्कार मंडळी,

रविवारचा बेत पक्का करण्याआधी एक गोष्ट सगळ्यांच्या कानावर घालायची आहे. इथे अमेरिकेत सिल्व्हर स्प्रिंगला आमच्या शेजारी राहणारं इथिओपियन कुटुंब यंदाही जेवायला येणार आहे. आजी धरून पाच जण. त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू आहे, ५५ दिवसांचा. त्यात मांस आणि अंडी नाहीतच, पण दूध, दही, लोणी, तूपसुद्धा चालत नाही.

मागच्या वर्षी माझ्या हातून चूक झाली. "आमच्याकडे सगळं शाकाहारी असतं, बिनधास्त या," असं मीच त्यांना सांगितलं होतं. पानात काय होतं? श्रीखंड, तूप सोडलेला मसालेभात, वरणावर तूप, दह्यातली कोशिंबीर. बटाट्याची भाजीही मी तुपातच परतली होती. आजींनी एकेका पदार्थाकडे बोट दाखवत मला हळू आवाजात विचारलं, आणि शेवटी पुरी आणि कैरीचं लोणचं एवढ्यावर जेवण आटोपलं. जाताना माझे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. ते मला वर्षभर टोचतंय.

म्हणून यंदा बाकीच्या बेताबरोबर त्यांच्या उपासाचा एक पदार्थ नीट करायचा विचार आहे. तिकिल गोमेन, म्हणजे हळद-आल्यातला कोबी, बटाटा आणि गाजर. माणसं पंचेचाळीस. कोणी घरी केला असेल तर कृपया लिहा.

मंजिरी

प्रेषक: श्रीकांत
विषय: उत्तर: रविवारचं पाडव्याचं जेवण

मंजिरीताई, कल्पना छानच आहे. पण मग आपली नेहमीची कोबी-बटाट्याची भाजी का नको? मोहरी, हिंग, कढीपत्ता, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वर ओलं खोबरं. तिच्यातही दूध-तूप काही नाही, आणि पंचेचाळीस माणसांची आपल्या हाताला सवय आहे.

दुसरं म्हणजे मलिक अंबर. इथिओपियातल्या हरारच्या बाजूचा हा हबशी मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आमचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. मी त्याच्या नहरींच्या गावात वाढलो. लहानपणी तोही हेच खात असेल का, असं मनात आलं. कार्यक्रमात दोन मिनिटं मिळाली तर मी त्याच्याबद्दल बोलेन.

श्रीकांत

प्रेषक: सुमनकाकू
विषय: उत्तर: उत्तर: रविवारचं पाडव्याचं जेवण

चि. मंजिरी, चि. श्रीकांत आणि सर्व मंडळी,

मी सहसा लिस्टवर लिहीत नाही, पण या विषयावर गप्प बसवत नाही. माझे वडील १९६६ ते १९७० इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला, सरकारी शाळेत गणित शिकवत होते. सम्राट हैले सेलासींच्या काळात भारतातून पुष्कळ शिक्षक तिकडे गेले. त्यात केरळची मंडळी भरपूर, आमच्यासारखी मराठी घरं मोजकी. मी तेव्हा आठ वर्षांची होते.

श्रीकांत, तुझी भाजी उत्तमच होते, मी खाल्ली आहे. पण माझ्या आईनेही पहिल्यांदा हेच केलं होतं. शेजारची बाई तिला तिकिल गोमेन शिकवायला आली, आणि आईने सवयीने तेल तापवून मोहरी हातात घेतली. त्या बाईने आईच्या मनगटावर हात ठेवला, मोहरीची वाटी बाजूला सरकवली, कांदा पुढे ओढला आणि म्हणाली, "केस बेकेस." हळूहळू. त्यांच्यात एक म्हण आहे, हळूहळू अंडंसुद्धा पायांनी चालू लागतं. आईला अमहारिक येत नव्हतं, पण शेगडीशी तासभर बसून तिला ते समजलं.

आपल्या भाजीत फोडणी पुढे असते आणि कोबी तिच्या मागे येतो. इथे कांदा, आलं, लसूण तेलात विरघळून जायला हवेत आणि कोबीने स्वतःच्याच पाण्यात शिजायला हवं. मोहरी तडतडली की चव आपल्या घरची होते. चांगली असते ती, पण आजींना त्यांच्या घरची चव द्यायची असेल तर मोहरी, हिंग, कढीपत्ता, खोबरं आणि डाळ त्या दिवसापुरती डब्यातच राहू दे. गोडा मसालाही नको.

आता कृती. आठ माणसांना किलोभर कोबी, अर्धा किलो बटाटे, तीन गाजरं, दोन मोठे कांदे, सहा-सात लसणीच्या पाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर हळद, अर्धी वाटी तेल, मीठ आणि दोन-तीन हिरव्या मिरच्या. तेल कमी करू नका. उपासात तूप नसतं, तेव्हा तोंडात जो गुळगुळीतपणा येतो तो तेलाचाच.

कांदा उभा, जाडसर चिरायचा. मध्यम आचेवर झाकण ठेवून तो पारदर्शक होऊ द्या, तांबूस होता कामा नये. मग ठेचलेलं आलं-लसूण आणि सगळी हळद. हळद तेलात परतली गेलीच पाहिजे, नंतर वरून घातली तर कच्ची लागते आणि बटाट्याला रंग चढत नाही. त्यावर गाजराचे बोटभर तुकडे, पाच-सात मिनिटं. मग बटाटे. बटाट्याच्या लांब, जाड फोडी करा, बारीक चौकोनी नकोत. मीठ घाला. फोडींच्या कडा पिवळ्या दिसू लागल्या की कोबी.

कोबी किसायचा नाही, बारीक चिरायचाही नाही. दोन-दोन इंचांचे तुकडे. मूठ-मूठ घालत जा, आधीचा खाली बसला की पुढचा. पाणी लागलंच तर पाव वाटी गरम पाणी, त्याहून जास्त नाही. डाव फिरवू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा. शेवटची पाच मिनिटं उभ्या चिरलेल्या मिरच्या वर ठेवा. त्यांचा वास भाजीत उतरायला हवा, तिखटपणा फारसा नाही. हा अलिचा प्रकार आहे, म्हणजे सौम्य. बर्बेरेचं, म्हणजे त्यांच्या मसाल्याचं, लाल तिखट वोतमध्ये, म्हणजे त्यांच्या झणझणीत रश्शात पडतं, यात नाही.

वेळेबद्दल. अदिस अबाबा साधारण २,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे बटाटा शिजायला जीव खातो. आईची डाळ तर कुकरशिवाय शिजायचीच नाही. तिच्या वहीत या भाजीला "एक तास" लिहिलंय, आणि इथे आल्यावर मी तेच घड्याळ लावलं तर कोबीचा लगदा झाला. आपण समुद्रसपाटीला आहोत. कोबी पडल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत सुरी टोचून बघा. आच बंद करून अर्धा तास झाकून ठेवा. ही भाजी कोमटच वाढतात.

पंचेचाळीस जणांना इतर पदार्थ असताना वरच्या मापाच्या चौपट पुरे. मात्र एका खोल पातेल्यात करू नका, तळाचा बटाटा दबून फुटतो. दोन पसरट पातेली घ्या.

काही जण यात कोरारिमा घालतात, ती तिकडची वेलची. आपल्या हिरव्या वेलचीहून मोठी, कापराच्या अंगाने जाणाऱ्या वासाची. तिच्याऐवजी मसाला वेलची घालू नका, तिला धुराचा वास असतो. न मिळाल्यास काहीच घालू नका. आमच्या शेजारणीच्या भाजीत ती कधीच नसे.

श्रीकांत, मलिक अंबरबद्दल जरूर बोल. पण ही भाजी त्याने खाल्ली नसणार. बटाटा इथिओपियात शिम्पर नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ च्या सुमारास नेला, आणि मलिक अंबर तर १६२६ मध्ये गेला. ज्याला ते नुसतं गोमेन म्हणतात ती सुट्या हिरव्या पानांची भाजी मात्र जुनी आहे. तिकिल म्हणजे गुंडाळलेलं. गुंडाळलेली पालेभाजी, तोच आपला गड्डा.

आशीर्वाद.
सुमनकाकू

प्रेषक: प्राजक्ता
विषय: उत्तर: भाकरी कुठली?

काकू, मेल वाचून मी वहीत उतरवून घेतली. दोन शंका. बरोबर इंजेरा, म्हणजे त्यांची आंबवलेल्या पिठाची जाळीदार भाकरी, हवाच ना, की पुरीबरोबर चालेल? आणि आमच्या धाकट्याला गहू वर्ज्य आहे. इंजेरा टेफचा, म्हणजे तिकडच्या बारीक धान्याचा असतो, मग त्याला चालेल ना?

प्रेषक: सुमनकाकू
विषय: उत्तर: भाकरी कुठली?

प्राजक्ता, टेफमध्ये ग्लुटेन नाही हे खरं. पण इथल्या दुकानांत मिळणाऱ्या इंजेऱ्यात बरेचदा गव्हाचं किंवा जवाचं पीठ मिसळलेलं असतं. पाकीट वाचल्याशिवाय आणि दुकानदाराला विचारल्याशिवाय त्याला देऊ नकोस. नुसत्या टेफचा सांगून मागवावा लागतो आणि महाग पडतो.

इंजेरा हवाच. घरी करायच्या फंदात पडू नका. पीठ दोन-तीन दिवस आंबवावं लागतं आणि जाळी पडायला हात बसावा लागतो. आंबोळी जमणाऱ्यांनाही पहिल्या खेपेला जमत नाही. त्या जाळीच्या भोकांना ते डोळे म्हणतात. वरची, डोळ्यांची बाजू भाजीकडे ठेवायची, रस तिच्यातच मुरतो.

प्रेषक: मंजिरी (स्वयंपाक समिती)
विषय: काल करून पाहिलं

मंडळी, काल संध्याकाळी काकूंच्या कृतीने आठ जणांच्या मापाची भाजी केली आणि शेजारच्या आजींना स्वयंपाकघरात बोलावलं. मी झाकण काढल्यावर त्यांनी आधी वास घेतला, मग विचारलं, "तूप?" मी तेलाची बाटली दाखवली. त्यांनी मान हलवली आणि इंजेऱ्याचा तुकडा मागितला.

दोन सुधारणा सांगितल्या. माझा कांदा कमी होता, किलोभर कोबीला तीन घ्या म्हणाल्या. आणि आलं जरा जास्त. बाकी काही नाही. मग इंजेऱ्यात बटाटा आणि कोबी गुंडाळून त्यांनी पहिला घास स्वतः न खाता माझ्या तोंडाशी धरला. याला ते गुर्शा म्हणतात. आपल्याकडे लग्नात घास भरवतात तसाच, फक्त त्यांच्याकडे तो रोजच्या ताटावरही भरवतात. घास मोठा असतो आणि अर्धा परत करायचा नसतो.

बोलता बोलता मी आपल्या उपासाबद्दल सांगितलं. बटाटा चालतो, पण हळद आणि कोबी नाही, आणि साबुदाण्याच्या खिचडीला तूप हवंच. त्यांना फार नवल वाटलं. त्यांच्याकडे बुधवार आणि शुक्रवारही उपासाचे असतात, म्हणजे ही भाजी घरात वर्षभर असते.

आता रविवारची वाटणी. श्रीखंड राहील, पण वेगळ्या टेबलावर, आणि त्याचा डाव तिथेच. मसालेभात तेलातला, तूप बाजूला वाटीत. वरणावर तूप वाढणाऱ्यांनी आधी विचारायचं. कोशिंबीर दह्याऐवजी लिंबू आणि दाण्याच्या कुटाची. आंब्याची डाळ नेहमीसारखीच. पुऱ्यांच्या पिठाला मोहन तेलाचंच. इंजेरा प्राजक्ता आणतेय, धाकट्यासाठी नुसत्या टेफचा वेगळ्या डब्यात. आजींची मंडळी चर्चमधून थेट येणार आहेत, तेव्हा पानं त्यांच्यासाठी थांबतील.

श्रीकांत, तुम्हाला दोनच्या ऐवजी पाच मिनिटं. आजींच्या नातवाला मलिक अंबरबद्दल ऐकायचं आहे, त्याच्या आईचं माहेर हरारचं आहे.

कांदे बारा लागतील. कोण आणतंय?

मंजिरी

प्रेषक: श्रीकांत
विषय: उत्तर: काल करून पाहिलं

कांदे मी आणतो, घरूनच उभे चिरून. चार कोबीही माझ्याकडे द्या. दोन इंचांचे तुकडे, लक्षात आहे.