मदत हवी आहे: गॅदरिंगसाठी डफ मिळेल का?

नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी आमच्या कॉलेजचं गॅदरिंग आहे, बेळगावातच. यंदा कित्तूरच्या राणी चन्नम्मांवर पोवाडा बसवलाय. १८२४ ची लढाई, इंग्रज कलेक्टर थॅकरे पडला तो प्रसंग. पोवाडा मराठीत, ललकारी कन्नडमध्ये. खानापूरची आणि बैलहोंगलची पोरं मिळून म्हणतात, झकास वाटतं.

घोडं अडलंय डफावर. माळ्यावरचा जुना काढला, तर कातडं इतकं सैल की जाळावर शेकूनही नुसतं ‘धप्प’. शहापूर, वडगाव, अनगोळ भागात कुणाकडे चांगला डफ नि तुणतुणं आहे का? दोन संध्याकाळी तालमीला येणारे कुणी काका भेटले तर सोन्याहून पिवळं. मोबाईलवरचा ट्रॅक सुचवू नका, झील धरताना (शाहिरामागे साथीदार सूर ओढतात तेव्हा) ताल सुटतो. भाडं देऊ, वर कुंदा, आपली बेळगावची मिठाई, आमच्याकडून.