जवाच्या कोवळ्या पातीची पावडर: घरी करणे आणि घेणे (प्रश्नोत्तरं; अंगण, वाफा, खलबत्ता, मापट ही बोलणाऱ्यांची टोपणनावं)

अंगण:
जवाच्या (सातूच्या) पातीची पावडर घरीच करायची आहे. ट्रेमध्ये पात चांगली येते, पण सावलीत वाळवली की शेवाळी-तपकिरी पडते आणि कुबट वास येतो. बी कोणतं घ्यावं, कधी कापावी, कशी वाळवावी? दिवसाला किती घेतात? घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीला रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे, त्यांना चालेल का?

वाफा:
आधी बी. सूपसाठी मिळणारी पांढरी बार्ली उगवत नाही, पॉलिशमध्ये टरफलाबरोबर तिचा अंकुरही जातो. टरफलासकटचे जव हवेत. (दुकानात जव म्हटलं की पुष्कळदा जवस हातात पडतो, बघून घ्या.) पेरणीच्या पाकिटातलं गुलाबी-लाल बी मात्र अजिबात नको, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. पूजेच्या दुकानातले जव चालतात, पण जुने असू शकतात. आधी २० दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा, १६-१७ दाण्यांना तरी मोड आले पाहिजेत.

एक बाय दीड फूट ट्रेला साधारण ३०० ग्रॅम बी. १० तास भिजवा, मोड येईपर्यंत फडक्यात ठेवा, मग मातीवर एकेरी थरात पसरा. घटात उगवलेलं धन पिवळं असतं ते उजेड नसल्यामुळे. इथे आपल्याला हिरवी पात हवी, म्हणून कोंब इंचभर झाले की खिडकीतल्या उजेडात आणा. १० ते १४ दिवसांत पात वीतभर होते, तेव्हाच कापा. कांडं धरलं की ती चिवट आणि कडवट होते. मातीपासून इंचभर वर कापा, म्हणजे दाणा आणि माती दोन्ही येत नाहीत.

खलबत्ता:
पात तपकिरी पडते कारण वाळायला फार वेळ लागतोय. दमट हवेत ती दोन-दोन दिवस ओली राहते, पेशींतली विकरं (एन्झाइम) काम करत राहतात आणि हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटून रंग शेवाळी होतो. उन्हात घातली तर रंग उडतो.

उपाय असा. पात तीन पाण्यांत धुवा, फडक्यावर निथळवा, कात्रीने अर्ध्या-अर्ध्या इंचाची करा. लांब ठेवली तर तिचे धागे मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात. मग एक मिनिट वाफ द्या आणि लगेच गार करा. थोडं क जीवनसत्त्व जातं, पण विकरं थांबतात आणि जंतूही कमी होतात. नुसत्या ४० अंशांवर वाळवल्याने जंतू मरत नाहीत, त्यामुळे माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे. भाज्या-फळं वाळवायच्या ड्रायरमध्ये ४५ अंशांवर ८ ते १० तास, एकेरी थर. पात चुरताना कडकड आवाज आला पाहिजे, नुसती वाकली तर अजून ओल आहे. मिक्सर १०-१५ सेकंदच चालवा, भांडं गार होऊ द्या, पुन्हा फिरवा. शेवटी मैद्याच्या चाळणीतून चाळा.

किलोभर ओल्या पातीची जेमतेम १००-१२० ग्रॅम पावडर होते. काचेच्या घट्ट बरणीत, अंधारात ठेवा. फ्रीजमधली बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरून गुठळ्या होतात.

मापट:
रोज एक सपाट चमचा, म्हणजे २-३ ग्रॅम पुरे. पहिला आठवडा पाव चमचाच घ्या, नाहीतर पोट फुगतं. गार पाण्यात किंवा ताकात ढवळा. ही अख्ख्या पातीची पावडर आहे, ती विरघळत नाही, तळाशी बसते. बाजारातली विरघळणारी पावडर रस सुकवून केलेली असते आणि तिच्यात बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भर) असतं, घटक वाचा.

अपेक्षा माफक ठेवा. ३ ग्रॅममध्ये प्रथिनं ग्रॅमभरही नसतात. हरितद्रव्याचं रक्त होतं हे खरं नाही: त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, हिमोग्लोबिनमध्ये लोह. ब-१२ साठी तर हिच्यावर मुळीच विसंबू नका.

गोळीबद्दल: ती वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक चिमूटही देऊ नका. पातीत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते नेमकं या गोळ्यांच्या विरुद्ध काम करतं. आज चमचा, उद्या नाही, असं झालं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वरखाली होतो आणि डोस बसवता येत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पातीतल्या पोटॅशियमचा प्रश्न येतो. ग्लुटेन पातीत नाही, दाण्यात आहे, पण सिलिअ‍ॅक (ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांनी घरची पावडर टाळावी, एखादा दाणा चुकून येतोच.

अंगण:
गोळी अ‍ॅसिनोकुमॅरॉलच आहे, त्यांना देत नाही. आणखी एक: मुळांशी पांढरी लव दिसते, ती बुरशी का?

वाफा:
पाण्याचा फवारा मारा. प्रत्येक मुळाभोवती सारखी असलेली लव पाण्याने लगेच बसली, तर ती मूळरोमं, म्हणजे मुळांचे पाणी शोषणारे बारीक केस. ठिकठिकाणी कोळ्याच्या जाळ्यासारखी, करडी, दाण्यांवरून पसरणारी आणि वास मारणारी असेल तर बुरशी. मग वरची पात चांगली दिसली तरी अख्खा ट्रे टाका. पुढच्या वेळी बी थोडं विरळ पसरा, पाणी सकाळीच द्या आणि एप्रिल-मेमध्ये लावू नका, जव थंडीचं पीक आहे.